आता पडायचं नाही

मी आता चालते. पायऱ्या चढते, स्कूटर चालवते, ओट्याशी उभी राहून भाकऱ्या करते. खेळत नाही आणि यापुढे खेळणारही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी आजारी होते तेव्हा कोणाचेही असे अनुभव हातात आले की मी आधी शेवटचं पान उघडायचे. ही बाई वाचली का, उभी राहिली का, एवढंच मला हवं असायचं. तुमच्यापैकी कोणी पाठीवर आडवं पडून हे वाचत असेल, तर उत्तर मिळालं आहे. आता सावकाश वाचा.

माझं नाव हर्षदा. मी गोलकीपर होते. भारताच्या महिला फुटबॉल संघात चार वर्षं होते, त्यातली तीन बाकावर बसून काढली. चौथ्या वर्षी मला मणक्याचा टीबी झाला.

आठ महिने

गोलकीपरचं अंग कुठे ना कुठे दुखतच असतं. सकाळच्या सरावात डावीकडे पडा, उठा, उजवीकडे पडा, उठा, असं तासभर चालतं. कोपरं सोलतात, कंबरेच्या हाडावर काळेनिळे डाग पडतात, आणि त्याची कोणी तक्रार करत नाही. त्यामुळे पाठ दुखायला लागली तेव्हा मीही केली नाही.

दुखणं दोन खांद्यांच्या मधोमध, जरा खाली होतं. बोट ठेवून दाखवता यावं इतकं एका जागी. झोपल्यावर कमी व्हायच्याऐवजी वाढायचं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. वजन उतरत होतं, आणि शिबिरात ट्रेनरने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, हर्षदा बघा किती फिट झाली. मी हसले.

खरं कारण सांगते. तीन वर्षं बाकावर बसल्यावर मला जागा मिळाली होती. माझ्या आधीची गोलकीपर निवृत्त झाली आणि संघाच्या यादीत पहिलं नाव माझं आलं. माझ्या मागे तोंबी होती. मणिपूरची, एकोणीस वर्षांची, माझ्यापेक्षा चपळ आणि माझ्यापेक्षा निडर. हे सगळ्यांना दिसत होतं, मलाही. मी एक दिवस जरी म्हटलं असतं की आज पाठ दुखतेय, तर त्या दिवशी तोंबी गोलात उभी राहिली असती, आणि तिला तिथून परत कोणी काढलं नसतं. म्हणून फिजिओला मी सांगायचे, स्नायू आखडलाय. रोज दोन पेनकिलर घ्यायचे. असे आठ महिने.

सुट्टीला पनवेलला आले की आई पाठीला तेल लावून द्यायची. तिची बोटं एका जागी येऊन थांबायची.

"हितं गाठ लागते गो बाय."

"रोज पडते मी. सूज असेल."

"सूज मऊ असते."

आई पनवेलच्या मासळी बाजारात बसते. कल्ला न उघडता, नुसतं दाबून ती मासा कधीचा आहे ते सांगते. तिच्या बोटांना कळलं होतं. मी सदरा खाली ओढला आणि म्हटलं, "आई, तुला फुटबॉलमधलं काय कळतं?"

पाय

शिबिरात एका सकाळी उजवीकडून साधा, संथ चेंडू आला. शाळेतल्या पोरीनेही अडवला असता असा. मी डाव्या पायाला सांगितलं, ढकल. पाय ढकलला नाही. चेंडू माझ्यापासून हातभर अंतरावरून आत गेला आणि मी उभीच.

सगळ्या हसल्या. त्यांना वाटलं मी मस्करी करतेय. फक्त तोंबी हसली नाही. ती धावत माझ्याजवळ आली. "दीदी, पैर को क्या हुआ?"

"फिसल गया," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणघराच्या पायरीवर पाऊल अडखळलं आणि हातातलं ताट घेऊन मी पालथी पडले. कोचसरांनी मला बाजूला बोलावलं. एमआरआय करून या, म्हणाले, दहा दिवसांत परत या. ते चांगले होते, पण बोलता बोलता त्यांची नजर मैदानाकडे होती, आणि मैदानात तोंबी हातमोजे चढवत होती.

निदानाचा दिवस

आई बाजारातून थेट दवाखान्यात आली. पाटी शेजारणीच्या हवाली करून, हात लिंबाने धुवून. तरी वास राहतोच. त्या एसीच्या खोलीत तिला तो जाणवला असावा, कारण ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या वाटल्या. त्यांनी फिल्म उजेडावर लावली.

"टीबी आहे. मणक्यांचा. दोन मणके खराब झालेत. मध्ये पू साचलाय आणि त्याचा दाब मज्जारज्जूवर येतोय. पाय त्यामुळे ऐकत नाहीये."

"खोकला तर नाय तिला," आई म्हणाली.

"या टीबीत खोकला असतोच असं नाही, मावशी."

"आमच्या घरात कुनालाच नाय."

"कोणालाही होऊ शकतो."

"ती इंडियातून खेळते," आई म्हणाली. तिला म्हणायचं होतं की असं कसं होईल. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"कधीपासून दुखतंय?"

"आठ महिने."

"आठ महिने काय करत होतात?"

"खेळत होते."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी विचारलं की सव्वा महिन्याने आमची पात्रता फेरी आहे, तोपर्यंत होईल का. त्या म्हणाल्या, "आपण आधी चालण्याबद्दल बोलू या." मला कळलंच नाही. मी तर त्यांच्या खोलीत चालत आले होते.

रिक्षात आई पदराने बोटं पुसत होती. आमच्या विचुंब्याच्या वळणावर तिने माझा हात धरला आणि हळू आवाजात सांगितलं, "कुनाला बोलायचा नाय."

घर

आम्ही विचुंब्यात दोन खोल्यांत राहतो. आई, मी, माझा मोठा भाऊ नीलेश, त्याची बायको अश्विनी आणि तेव्हा त्यांची पाच महिन्यांची मुलगी. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली.

डॉक्टरांनी माझी छातीही तपासली होती आणि स्वच्छ लिहून दिलं होतं की फुप्फुसात काही नाही, माझ्यापासून कोणाला धोका नाही. तो कागद नीलेशने अश्विनीला दाखवला. तिने वाचला, घडी करून परत दिला. संध्याकाळी माझं ताट, पेला आणि चमचा खिडकीत वेगळे ठेवलेले होते. मी त्याच ताटात जेवले.

चौथ्या दिवशी अश्विनी बाळाला घेऊन उलव्याला माहेरी गेली. नीलेश विमानतळाच्या कामावर डंपर चालवतो. सासुरवाडी कामापासून जवळ, तर तोही तिकडेच राहायला लागला. एक दिवसाआड यायचा, दारात उभा राहून विचारायचा, "काय आणू का?" आत यायचा नाही. आत आला तर उलव्याच्या घरात त्याला कपडे बदलून मगच बाळाला घेऊ देत, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की माझा भाऊ उंबऱ्याबाहेर उभा आहे.

बाजारात आईने सांगितलं होतं की पोर शिबिराला गेली. टीबीवालीच्या घरची मासळी कोण घेईल, असं ती म्हणाली. मला राग आला नाही. पण रोज सकाळी ती निघाली की बाहेरून कडी लावून जायची, कोणी सहज डोकावलं तर मी दिसू नये म्हणून. गोळ्या पोटात गेल्या की ओकाऱ्या व्हायच्या. लघवी नारिंगी व्हायची. मी बंद घरात भिंतीला धरून मोरीपर्यंत जायचे आणि परत यायचे.

बाराव्या दिवशी सकाळी मी मोरीत बसले आणि उठता येईना. आधी वाटलं मुंग्या आल्या. मांडीला चिमटा काढला. चिमटा बोटांना कळला, मांडीला नाही. आई दुपारी आली तोवर मी तिथेच होते, ओली. पाच तास. मी हाका मारल्या नाहीत, कारण मी शिबिराला गेलेली होते.

वॉर्ड

ऑपरेशन झालं. पू काढला, मणक्यांना सळया आणि स्क्रू लावले. डॉक्टर म्हणाल्या, आमचं काम झालं, आता नसा काय म्हणतात ते बघायचं. किती दिवस, मी विचारलं. सांगता येत नाही. परत येतील का, हेही सांगता येत नाही.

ज्यांच्या वाट्याला हे येईल त्यांच्यासाठी तिथला दिवस लिहिते, कारण मला कोणी सांगितला नव्हता. उजाडता उजाडता थर्मामीटर. मग उपाशी पोटी मूठभर गोळ्या. मग दोघी जणी येऊन तुम्हाला लाकडाच्या ओंडक्यासारखं एका अंगावर करतात, पाठ पुसतात, पुन्हा सरळ करतात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हे दर दोन तासांनी. लघवीला नळी. संडासचं भांडं. ते मागायला पहिल्यांदा मी अर्धा दिवस घेतला. पाचव्या दिवशी सहज मागितलं. लाज संपते, आणि ती संपल्याचं नंतर वाईट वाटतं.

दहा वाजता डॉक्टर यायच्या. चादर बाजूला करून म्हणायच्या, "अंगठा हलव."

मी सगळा जोर लावायचे. कपाळावर घाम यायचा. दात आवळले जायचे. अंगठा तसाच. "हं," म्हणून त्या पुढच्या खाटेकडे जायच्या.

पुढच्या खाटेवर बारकी होती. प्रबळगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतली, कातकरी. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायची. तिलाही तोच आजार आणि तिचेही दोन्ही पाय गेलेले. गालफडं बसलेली, केस विरळ. मी तिला पन्नाशीची समजून मावशी म्हणायचे. एकदा नर्सने कागदावरून वय वाचलं तेव्हा कळलं, सव्वीस. माझ्याएवढी. त्यानंतर मला तिच्याकडे बघवेना.

तिने एकदा विचारलं, "तुजा काम काय होता?"

"गोलकीपर. फुटबॉलमध्ये."

"म्हंजी?"

"दोन खांब असतात. त्यांच्यामध्ये उभं राहायचं आणि चेंडू आत जाऊ द्यायचा नाही."

ती विचार करत राहिली. "दिसभर?"

"दीड तास."

"मंग बरा हाय," ती म्हणाली.

तोंबीची मॅच

पात्रता फेरीची पहिली मॅच मी मोबाइलवर पाहिली. आईने उशीला टेकवून धरला होता. गोलात तोंबी.

हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. मला वाटत होतं तिने गोल खावेत. एक नाही, तीन-चार. सगळ्यांना कळावं की हर्षदा असती तर असं झालं नसतं. प्रत्येक वेळी चेंडू आमच्या अर्ध्यात आला की मी मनात म्हणायचे, जा, आत जा. ज्या संघासाठी मी आठ महिने माझा मणका सडू दिला, तो हरावा म्हणून मी तिथे पडून प्रार्थना करत होते.

तोंबीने एकही गोल खाल्ला नाही. शेवटच्या मिनिटांत डावीकडे झेप घेऊन तिने बोटांच्या टोकांनी एक चेंडू बाहेर काढला. तो माझ्याच्याने निघाला नसता. पाय चांगले असते तरी नसता. मी आईला म्हटलं, बंद कर.

दुसऱ्या दिवशी मी गोळ्या गिळणं बंद केलं. नर्स हातात देऊन पुढे जायची. मी तोंडात टाकल्यासारखं करायचे आणि गादीच्या फटीत सरकवायचे. ओकाऱ्या थांबल्या. तोंडाला चव आली. मला मरायचंच होतं असं नाही म्हणता येणार. पण हे सगळं कशासाठी करायचं, ते मला सापडत नव्हतं. अंगठा हलत नव्हता. आणि हलला तरी गोलात तोंबी उभी होती.

सहाव्या सकाळी बारकीची हाक आली. "गोळ्या टाकतंस ना तू?"

मी तोंडावर चादर ओढली.

"मी बगतंय कवापासून. मीबी अशाच टाकल्या. दोन म्हयने खाल्ल्या, बरा वाटला, मंग भट्टीवर गेलो. तिकडं कोन देनार गोळ्या? नवरा बोलला जाऊन आन, तर मी बोलली कशाला, चालतेय ना मी. डोक्यावर इटा घेऊन चालत होते." ती थांबली. "मंग एक दिस इटांसंगट खाली बसले ती बसलेच. आता जुन्या गोळ्या लागू पडत नाय, त्या मोठ्या देतात मला, तर डाक्टर बोलते, पाय येतील का ठावं नाय."

तिच्या आवाजात माझ्यासाठी काळजी नव्हती. राग होता. तिला सोडाव्या लागल्या होत्या आणि मी इथे, हातात आयत्या मिळत असताना, गादीत खुपसत होते.

"तू सांग, नायतर मी नर्सबायला सांगतंय," ती म्हणाली.

मी सांगितलं नाही. तिने सांगितलं. गादी उचलून नर्सने सगळ्या गोळ्या काढल्या आणि ओंजळीत धरून डॉक्टरांना दाखवल्या. आई शेजारी उभी होती. मला वाटलं ती रडेल. तिने माझ्या कानशिलात मारली. ऑपरेशन झालेल्या, पाय गेलेल्या, सव्वीस वर्षांच्या मुलीला, वॉर्डभर लोकांदेखत. मग खाली बसून दोन्ही हातांनी माझे पाय धरून राहिली, आणि मला ते धरलेले कळत नव्हते.

त्या दिवसापासून नर्स गोळ्या देऊन तोंड उघडायला लावायची. जिभेखाली बघायची. मी सगळ्या गिळल्या, पुढचे सोळा महिने.

अश्विनी

त्या आठवड्यात अश्विनी आली. एकटी. बाळाला आईकडे ठेवून. तोंडाला मास्क, हातात खोबरेल तेलाची बाटली आणि फणी. खाटेपाशी उभी राहून म्हणाली, "ताई, मला भीती वाटली होती. अजून वाटते."

"माहितीये."

"केसांचा गुंता झालाय तुमच्या."

महिन्याभराच्या झोपण्याने माझ्या केसांची जट झाली होती. नर्स म्हणत होती कापून टाकू. अश्विनीने उशीखाली टॉवेल घातला आणि एकेक बट सोडवायला बसली. दोन तास लागले. मध्ये दोनदा उठून ती हात धुवून आली. तिला खरंच भीती वाटत होती आणि तरी ती बसली होती. मला अजूनही तिचा खिडकीतल्या ताटाबद्दल राग येतो. पण ते दोन तासही खरे आहेत.

तोंबीचा फोनही त्याच सुमारास आला. मी आधीचे तिचे सगळे फोन कापले होते. या वेळी अश्विनीने चुकून उचलून माझ्या कानाला लावला.

"दीदी, कॉर्नर के टाइम पे मैं बहुत आगे आ जाती हूँ क्या? सर बोलते हैं ठीक है. मेरे को ठीक नहीं लगता."

तिने तब्येत विचारली नाही. बरी हो म्हणाली नाही. मी डोळे मिटले तर ती मॅच समोर आली. नको म्हणता म्हणता मी सगळी पाहिली होती.

"दो कदम," मी म्हटलं. "दो कदम पीछे. और पहले अपने सामनेवाली लड़की को देख, बॉल को बाद में."

"हाँ. मेरे को भी वही लगा."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. ती रडत होती बहुतेक. मी फोन बंद करायला लावला.

अंगठा

ऑपरेशननंतर सदतिसाव्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. फारच थोडा. डॉक्टर वाकून बघत होत्या. "परत," म्हणाल्या. परत हलला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

आईने तोंडावर पदर धरला. मला ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी शेजारच्या खाटेवर बारकी हे सगळं बघत होती. मी आवाज केला नाही. डॉक्टर तिच्याकडे गेल्या, चादर बाजूला केली. "अंगठा हलव, बारकी." तिने खूप जोर लावला. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"हं," डॉक्टर म्हणाल्या.

त्यानंतर बसणं, पट्टा बांधून उभं राहणं, वॉकर, काठी. प्रत्येकाला महिने लागले. उभी राहिल्यावर पहिल्यांदा मला घेरी आली, कारण जमीन फार खाली होती. मला घरी सोडलं तेव्हा बारकी तिथेच होती. मी तिला माझ्याकडची उशी दिली. तिने घेतली आणि म्हणाली, "जा आता."

वर्षभराने नीलेशच्या मोटरसायकलवर मागे बसून मी तिच्या वाडीवर गेले. वाट विचारत, शेवटचा भाग चालत. ती दारात घोंगडीवर बसली होती. पाय आले नव्हते. गोळ्या संपल्या होत्या, टीबी गेला होता, अंगावर थोडं मांस चढलं होतं. नवरा भट्टीवर. सासू तिला उचलून आत-बाहेर करते. शेजारपाजारची पोरं तिच्यापाशी ठेवून बाया कामाला जातात. मी गेले तेव्हा चौघं तिच्याभोवती खेळत होती, आणि एकाला ती पुन्हा पुन्हा बजावत होती, उतारावर जाऊ नको.

"चालतंस," ती माझे पाय बघून म्हणाली.

"हो."

सासूने चहा आणला. आम्ही चहा प्यायलो. तिचं काय चुकलं आणि माझं काय बरोबर ठरलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी आठ महिने लपवलं, मग गोळ्या सोडल्या. तिनेही सोडल्या. माझ्याशेजारी ती होती. तिच्याशेजारी भट्टीवर कोणी नव्हतं.

शेवटची तपासणी

गोळ्या संपल्या त्या आठवड्यात शेवटचा एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म लावली आणि पहिल्यांदा मोकळं हसल्या. "क्लीअर. टीबी गेला. तुम्ही बऱ्या झालात."

"खेळू शकते?"

"चाला. पोहा. हळूहळू जॉगिंगही करा."

"मी गोलकीपर आहे."

त्यांनी सळया दाखवल्या. तिथला मणका आता वाकत नाही, म्हणाल्या, त्याच्या वर-खालच्या मणक्यांवर सगळा ताण येतो. एक वेडीवाकडी आपट आणि पुन्हा पाय. "आता पडायचं नाही, हर्षदा. एवढं सांभाळायचं. पडायचं नाही."

मी मान हलवली. तेरा वर्षांची असल्यापासून मी पडायलाच शिकले होते. कोणत्या खांद्यावर, कोणत्या मांडीवर, चेंडू कुठे धरून. माझ्याकडे दुसरी काही विद्या नाही.

घरी पेढे आणले होते. नीलेश आत येऊन बसला होता, अश्विनी होती, चालायला लागलेली त्यांची मुलगी माझ्या पट्ट्याशी खेळत होती. आईने बाजारात गोळ्या संपल्या त्याच दिवशी सांगून टाकलं होतं की पोरीला टीबी होता, आता बरी झाली. दोन गिऱ्हाइकं तुटली, ती म्हणाली, तुटू दे.

सगळे खूश होते. मी कोचसरांना फोन करून सांगितलं की मी येणार नाही, ते दोन वाक्यं चांगली बोलले, आणि फोन ठेवल्यावर मला रडू आलं. मी आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीही रडू थांबत नव्हतं. आई पाटी घेऊन निघाली होती. दारातून माझ्याकडे बघून म्हणाली, "चालतंस ना? जीव हाय ना? मंग रडतंस कशाला?"

मी भिंतीकडे तोंड केलं. तिच्या चपलांचा आवाज दारापर्यंत गेला आणि थांबला. मग पाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"तुजा बाप असाच बसायचा," ती म्हणाली. "खाडी बुजवली तवा. भराव टाकला, होडी वर काढून ठेवली, मंग हा रोज सकाळी तोंड धुवून त्या होडीजवळ जाऊन बसायचा. मी त्याला हेच बोलली होती. जीव हाय ना, हातपाय हाय ना, मंग रडतोस कशाला. वाचमनची नोकरी कर."

मला हे कधीच सांगितलं नव्हतं. मी तेव्हा लहान होते. बाबा फार बोलत नसत एवढंच मला आठवतं.

"त्यानं केली नोकरी," आई म्हणाली. "पन त्याच्यानंतर माज्यासमोर कदी रडला नाय तो. मरेपर्यंत कायच बोलला नाय मला." तिने लुगड्याला हात पुसले. "चुकला माजा. तुला नाय बोलनार तसा. रड तू. मी हितं बसतंय."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. दाराशी पाटीतला बर्फ वितळून पाणी घरात येऊ लागलं होतं. मी म्हटलं, आई, मासळी खराब होईल. ती म्हणाली, होऊ दे, आणि उठली नाही.